शेपटाच्या मागच्या सीटवरून

रविवार, संध्याकाळ

भावजी,

इतक्या दिवसांनी पत्र, आणि तेही तुमच्या चष्म्याच्या दुकानाच्या ईमेलवर, म्हणून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. तुमचा नंबर तुमच्या दादांनी त्यांच्या फोनमधून पुसला आणि वर माझ्याही फोनमधून पुसला. हा पत्ता माझ्या चष्म्याच्या डबीवर छापलेला सापडला. दुकानात दुसरं कोणी हे उघडून वाचत असेल तर त्याने इथेच थांबावं, हे घरचं आहे.

आम्ही मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्याहून परत निघालोय. हो, यंदाही गेलो. मी नको नको म्हणत होते, पण माझं ऐकतो कोण? मैदानात चिखल, तंबूत चिखल, बुटात चिखल. संडासाला ही भली मोठी रांग. स्टेजवर तेच ते सत्कार, आणि खाली ढेरपोटे पुरुष एकमेकांना आपापल्या पडण्याच्या गोष्टी सांगतायत. दर वर्षी खड्डा थोडा खोल होतो आणि ट्रक थोडा मोठा. मी एका कोपऱ्यात खुर्ची पकडून पाय वर घेऊन बसून राहिले. भावजी, मी दमलेय. नुसती कंबर नाही, मीच दमलेय.

परतीला आमचा नेहमीचाच जथा होता. पद्धत अजून तुमच्या वेळचीच आहे, पण तुम्ही आता कारवाले झालात, विसरला असाल म्हणून सांगते. सगळ्यात पुढे पुढारी, म्हणजे आपला औषधवाला. सगळ्यात मागे शेपूट, म्हणजे अर्थातच तुमचे दादा, ते केशरी जाकीट घालून. फाटा आला की पुढाऱ्याच्या मागे जो असेल त्याने फाट्यावर उतरायचं, हात करून मागच्यांना वाट दाखवायची, आणि शेपूट दिसलं की मगच निघायचं. शेपूट येईपर्यंत जागा सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी. हा नियम तुमच्या दादांनीच घातलाय आणि ते तो लोकांना मंत्रासारखा पढवतात.

आज दुपारी त्यात जरा गोंधळ झाला. एक नवीन मुलगी आलीय जथ्यात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, सगळे तिला ‘नवी’च म्हणतात. ती फाट्यावर उभी होती आणि आम्ही पेट्रोल भरायला सरळ पुढे गेलो. झाली चुकामूक. सापडली शेवटी. भिजली बिचारी. विशेष काही नाही.

लॉज बरा आहे. गादी कडक आहे, पण आता मला दगडावरही झोप येईल.

हां, एक विचारायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्या दिवशी दुकानात एका आजाराचं नाव घेतलं होतंत. समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडेचं हळूहळू जातं, माणसाला पत्ताच लागत नाही, तो. काचबिंदू ना? त्याला थेंब असतात ना? आमच्या शेजारणीच्या भावासाठी विचारतेय.

वहिनी


सोमवार, दुपार

भावजी,

शेजारणीला भाऊ नाही. तुम्हालाही ते माहीत आहे. ती तुमच्या लग्नात ‘मला भाऊ नाही, माझ्या लग्नात कुणी कान पिळला नाही, आता मीच तुमचा पिळते’ म्हणून तुमच्या मागे लागली होती.

खरं सांगते. पेट्रोलचं काही नव्हतं. टाकी भरलेली होती.

पाऊस बारीक होता. फाटा आला. डावीकडे वळायचं होतं. नवी डाव्या बाजूला झाडाखाली उभी, हात लांब करून, अंगात पिवळा रेनकोट. मला मागच्या सीटवरून दिसली. मध्ये एक ट्रक चालला होता म्हणून तिला आम्ही दिसलो नसू. मला वाटलं, आता हे वळवतील. यांनी सरळ नेली. जरासुद्धा वेग कमी केला नाही. मी थाप मारायला हात उचलला आणि मारली नाही. कारण परवापासून मी थाप मारली की ते खेकसायचे, ‘दिसतंय मला, आंधळा नाही मी.’ म्हटलं, असेल काहीतरी मनात. पुढे चहाला थांबायचं असेल.

नव्हतं काहीच मनात. पुढच्या रस्त्याने फिरून आम्ही लॉजला पोचलो. औषधवाला डोकी मोजत होता. एक कमी. तो म्हणाला, ‘नवी तुमच्या पुढे होती ना, दादा?’ तुमच्या दादांचा चेहरा पडला. तेव्हा मी बोलले. पेट्रोल माझ्या तोंडून निघालं, भावजी. यांनी नुसती मान हलवली.

मग सगळे उलटे फिरलो. फोन लावावा तर तिचा बॅगेत भिजून बंद. ती तिथेच होती. दुपार सरून गेली होती, झाड केव्हाच गळायला लागलं होतं, आणि ती पोर ओठ निळे पडून तशीच उभी. हात अजून डावीकडे. दुकानात बसा म्हणून पलीकडच्या पंक्चरवाल्याने तिला तीनदा सांगितलं म्हणे. ती जाईना. तुमच्या दादांना बघून रडलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘काका, तुम्ही यायच्या आधी हलायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत. मला वाटलं, तुमचंच काहीतरी बरंवाईट झालं.’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रात्री जेवताना औषधवाला हळूच म्हणाला, ‘दादा, उद्यापासून जाकीट दुसऱ्या कुणाला देऊ या का? तुम्ही मध्ये चाला आरामात.’ चांगल्या शब्दांत म्हणाला हो. पण तुमच्या दादांनी जाकीट काढलं, घडी घातली, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं, आणि आज सकाळी कुणी उठायच्या आत मला उठवून निघाले. आता आम्ही दोघंच आहोत रस्त्याला. घर अजून दीड दिवस लांब आहे.

मी सकाळपासून तपासतेय यांना. चहाच्या टपरीवर मुद्दाम डाव्या हाताला बसले. ग्लास त्यांच्या डाव्या बाजूला धरला. ते समोर बघत बोलत होते. ग्लास अगदी कानापासून नाकापर्यंत सरकवला तेव्हा म्हणाले, ‘अरे, दे की, धरून काय बसलीस?’ तुम्ही त्या दिवशी दुकानात पेन्सिल घेऊन हेच केलं होतंत. आणि मी तुमच्यावरच चिडले होते, की तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाला भर गिऱ्हाइकांसमोर ‘दादा, आता गाडी सोड’ म्हणता म्हणजे काय! हे म्हणाले होते, ‘तू पडलास, तू घाबरलास, तू गाडी विकलीस. म्हणून आता सगळ्यांनी उतरायचं का?’ तुम्ही खरे ठरलात. आता लगेच मान ताठ करून फिरू नका, मला ते बघवणार नाही.

टपरीनंतर एक बाई सायकलवरून डावीकडच्या गल्लीतून बाहेर आली. मागे दुधाच्या बरण्या बांधलेल्या. मी गुडघ्याने असं काही दाबलं की माझीच मांडी वळली. गाडी हलली, बाई वाचली, बरणी आमच्या आरशाला घासून गेली. बाईने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. यांना ती दिसलीच नव्हती हे मला शपथेवर माहीत आहे. पण हे म्हणतात काय, ‘काय बेशिस्त लोक आहेत!’

भावजी, आता ध्यानात आलं ते ऐका. मी किती दिवस झाले असं दाबतेय? डावं वळण आलं की डावा गुडघा, थांबायचं तर खांद्यावर एक थाप, पुढे मोकळं असलं तर दोन. पूर्वी हे गंमत म्हणून होतं, वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून. आता मी ते न सांगता करते आणि ते न विचारता त्यावर चालवतात. म्हणजे गाडी हँडलवरचा माणूस चालवत नाही, मागची बाई चालवतेय. आणि मला गाडी येत नाही!

तुम्ही या. माझं ते ऐकायचे नाहीत. तुमचंही ऐकायचे नाहीत, पण तुमच्यावर ओरडून ओरडून दमतील तरी. मी एकटी पुरत नाही आता.

वहिनी


मंगळवार, सकाळ

भावजी,

तुमचं उत्तर आलं. ‘वहिनी, मागे बसू नका.’

एवढंच? माणूस दोन पानं पत्र लिहितो, आणि तुम्ही चष्म्याच्या पावतीवर लिहावं तसं एका ओळीत उत्तर देता? दोघे भाऊ सारखेच तऱ्हेवाईक. एकाला बोलायला लावायचं तर चिमटा हवा, दुसऱ्याला गप्प करायचं तर कुलूप.

आणि लिहायला सोपं आहे हो. मागे बसू नका! मी बसते म्हणून ती दुधाची बाई जिवंत आहे. मी उतरले तर हे एकटे जातील. न जाणारे असते तर मग काय हवं होतं! मग डावीकडे कोण बघणार? तुमचं म्हणणं असं की मी बसते म्हणूनच ते चालवतात. ते मलाही काल अंथरुणावर पडल्या पडल्या सुचलं होतं. सुचलं आणि मी कूस बदलली.

काल रात्री वाटेत दुसऱ्या एका लॉजवर उतरलो. हे आत्ता खाली गाडी पुसतायत. साखळीला तेल देतायत, बोटांनी चाचपून. आमचं लग्न झालं तेव्हा हे असेच उकिडवे बसून गाडी पुसत होते आणि माझ्या आईने विचारलं होतं, ‘मुलगा मेकॅनिक आहे का?’ शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. नकाशा न बघता कुठल्याही रस्त्याला लागणारा. त्या माणसाला मी काय सांगू, की तुमचा अर्धा नकाशा गेलाय?

चिडू नका. मी तुमच्यावर चिडलेय ते मला दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून.

हाक मारतायत. बघते.

वहिनी


मंगळवार, थोड्या वेळाने

भावजी,

गेले. एकटे गेले.

मी खाली गेले. हेल्मेट घातलं नाही, हातात धरलं. ते गाडी चालू करून बसले होते. म्हणाले, ‘बस.’

म्हटलं, ‘नाही बसत.’

‘काय झालं? कंबर?’

कंबर म्हणायचा मोह झाला हो. फार झाला. सगळं आयुष्य कंबरेवर ढकलून दिवस काढलेत. पण म्हटलं, ‘कंबर नाही. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. नवी दिसली नाही, सायकलवाली दिसली नाही, आत्ता मी डावीकडून आले तीही तुम्हाला जवळ येईपर्यंत दिसले नाही. मी बसणार नाही आणि तुम्हीही चालवायची नाही.’

लॉजवाली बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती, ती तशीच थांबली.

‘त्याने भरवलं ना हे तुझ्या डोक्यात? बोलतेस तर त्याच्याशी चोरून!’

‘हो, बोलते. तुम्ही बोलत नाही म्हणून मला बोलावं लागतं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाले, ‘ठीक आहे. बसने ये,’ आणि गेले. फाटकातून बाहेर पडताना डावीकडचा खांब इतक्या जवळून घेतला की लॉजवालीनेच ‘अहो अहो’ केलं.

मी तुमचं ऐकलं. आता काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही, आणि माझंही बघणार नाही. मी फाटकाशी पायरीवर बसलेय आणि हे लिहितेय. रस्त्यावर कुणी जोरात ब्रेक मारला की उठून फाटकाबाहेर बघून येते. फोन लावला, ते गाडीवर फोन उचलत नाहीत, तोही त्यांचाच नियम. या माणसाचे नियम मला एक दिवस मारणार.

लॉजवाली चहा देऊन गेली. म्हणाली, ‘येतील ताई. रागावलेला माणूस पहिल्या वळणापर्यंतच लांब जातो.’ तिचा नवरा ट्रकवर आहे. तिला अनुभव असेल. पण भावजी, इथून पहिलंच वळण डावीकडे आहे.

मी त्यांना एकटं सोडायला नको होतं. नाही, सोडायलाच हवं होतं. मला काहीच कळत नाहीय. तुम्ही फोन करा. माझा नंबर तोच आहे. तुम्ही पुसला नसेल तर.


मंगळवार, दुपार

भावजी,

आले. धड आहेत. आधी हे वाचा आणि श्वास घ्या, बाकीचं मग.

तुमचे फोन पाहिले, तेव्हा उचलता येत नव्हते. रडत होते. म्हणजे मी. ते नाही. ते गाडी बंद करून माझ्या शेजारी पायरीवर बसले, हेल्मेट मांडीवर घेऊन, आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग आपणहून म्हणाले, ‘फाट्यापर्यंत गेलो. तिथे थांबलो. बराच वेळ थांबलो गं. मागचा गाडीवाला हॉर्न मारायला लागला, मग शिव्या द्यायला लागला. मी तुझ्या थापेची वाट बघत होतो.’

मी नाक पुसलं.

‘दोन थापा पडल्याशिवाय मला निघताच येईना. मग आठवलं, तू नाहीस.’

म्हटलं, ‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं.’

‘होतं. त्याने पेन्सिल धरली त्या दिवशीच कळलं होतं. पेन्सिल नव्हती दिसली मला.’ आणि मग, ‘पण तू मागे असलीस की चालतंय की. म्हटलं, चालतंय तोवर चालू दे.’

भावजी, माझं डोकं असं फिरलं! दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस जाणूनबुजून मला मागे बसवून फिरतोय, आणि मला वाटतंय मी लपूनछपून यांना सांभाळतेय. मी ओरडले. लॉजवाली आत निघून गेली इतकी ओरडले. म्हटलं, ‘मी बायको आहे का आरसा आहे हो तुमचा? आणि माझं काही झालं असतं म्हणजे? त्या दुधाच्या बाईचं? त्या पोरीचं?’

त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. म्हणाले, ‘ती फाट्यावर उभी होती ना, हात करून. मला परवापासून सारखी ती दिसते. खरी दिसायला हवी होती तेव्हा नाही दिसली.’ आणि किल्ली माझ्या हातात दिली. सहज, भाजीची पिशवी द्यावी तशी. इतक्या वर्षांत ती किल्ली मी कधी हातात घेतली नव्हती. मी अजून चिडलेलीच आहे. पुष्कळ दिवस चिडलेली राहणार आहे, तशी तयारी ठेवून या.

कारण यायचं तुम्हालाच आहे. मी म्हटलं, गाडी टेम्पोत घालून नेऊ. त्यावर त्यांनी असं तोंड केलं, जणू मी त्यांनाच टेम्पोत घालून न्यायला निघालेय! ‘नाही. त्याला बोलव. तो चालवेल तर जाईल गाडी.’ म्हटलं, ‘भावजींनी पडल्यापासून हँडलला हात लावलेला नाही.’ तर म्हणतात, ‘माझ्या गाडीला लावेल. आणि त्याला लिही की दादाला डावीकडचं दिसत नाही. तू म्हणतेस असं लिहू नकोस. मी म्हणतोय असं लिही.’

तर लिहिलं. दादा म्हणतायत.

लॉजच्या पाटीचा फोटो सोबत जोडलाय. तुम्ही बसने या, तुमची ती कार नको, नाहीतर तिचं काय करायचं हा आणखी एक घोळ. येण्याआधी डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. गेलेलं येत नाही हे तुम्ही सांगितलं होतंत, मी विसरले नाही. राहिलेलं तरी राहू दे. आणि नवीचा नंबर औषधवाल्याकडून मागवून घेतलाय. तिला फोन हे स्वतः करणार आहेत. माझ्याकडून करून घ्यायला बघत होते, मी सरळ नाही म्हटलं.

तुम्ही पुढे बसायचं, ते मागे. मी बसने येईन, पाय लांब करून, खिडकीशी, डावीकडे एकदाही न बघता.

आत्ता लिहिताना वरच्या खिडकीतून खाली बघितलं. गाडी स्टँडवर उभी आहे आणि हे तिच्यावर चढून बसलेत. मागच्या सीटवर. पुढे कुणी नाही. एकदा हात मांड्यांवर ठेवतात, एकदा सीटखाली धरतात, परत काढतात. आता वर बघून मला हाक मारली. विचारतायत, ‘अगं, मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचे असतात?’

मी खाली जाते, दाखवते. तुम्ही निघा.

वहिनी